शांतवन नावाड्याची नजर निवळली

ऐका बायांनो, ऐका बाप्यांनो, निर्मळ नजरेच्या वशाची कहाणी ऐका.

नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून एक नगर होतं. तिथं शांतवन नावाचा ख्रिस्ती नावाडी राहत होता. त्याची बायको सगुणा. नाव मजबूत, हात मजबूत, प्रभू ख्रिस्ताच्या देवळात पुढं बसायचा मान. दारू नाही, जुगार नाही, शिवी नाही. पण एक खोट होती. नावेत बाई चढली की त्याची नजर तिच्या अंगावर फिरे. बाई पदर ओढी, अंग चोरी, पैलतीर येईस्तोवर जीव मुठीत धरी. तो मनात नको ते रंगवी. कुणाला बोट लावीत नसे, म्हणून स्वतःला शुद्ध म्हणवी.

त्या नगरात शलोमी सुईण होती. निम्मं नगर तिच्या हातांवर जन्मलेलं. एके दिवशी ती घाटावर आली, पण नावेत पाय ठेवीना. शांतवनानं कारण विचारलं. शलोमी म्हणाली, "तुझी नाव चांगली आहे, पण तुझी नजर मला रोज चिखलातून नेते. त्यापेक्षा मी पायांनी चिखल तुडवीन."

तो म्हणाला, मी तुला कधी बोट लावलं का?

ती म्हणाली, "नाही लावलंस. पण मनात मला वापरलंस, तेव्हा मी माणूस आहे याची आठवण झाली का तुला?"

मग ती चालू लागली. चार कोस वर नदीला उतार होता, कमरेइतकं पाणी. पहिल्या दिवशी तिच्यामागं कोळणी गेल्या. दुसऱ्या दिवशी माळणी गेल्या. तिसऱ्या दिवशी सगुणाच निघाली. शांतवन म्हणाला, अगं, तू तर नावाड्याची बायको. ती म्हणाली, "शेजारणी चालतात, मी कुठल्या तोंडानं नावेत बसू? तुमची नजर मला ठाऊक होती, मी गप्प राहिले. आता राहणार नाही." आणि ताठ मानेनं गेली.

मग शांतवनाला लाज वाटली. त्यानं डोळ्यांवर पट्टी बांधली, तर नाव खडकाला घासली. मग बायकांना नावेत घेणंच बंद केलं, तर परगावची तापानं फणफणलेली बाई दिवसभर उन्हात तीरावर बसून राहिली. मग तो देवळात उपदेश करणाऱ्या म्हाताऱ्या दाविदबाबा पाळकांकडे गेला, पाय धरले, सगळं सांगितलं.

बाबा म्हणाले, "डोळे बांधलेस, आतली नजर तशीच राहिली. बायकांना तीरावर ठेवलंस, म्हणजे पाप तुझं आणि शिक्षा त्यांना. प्रभू ख्रिस्त नुसते हात तपासत नाही रे, अंतःकरण तपासतो."

मग बाबांनी चाळीस दिवसांचा वसा सांगितला. सकाळी देवासमोर खरं बोलावं. नावेत जी चढेल ती देवाची लेक आहे असं मनात म्हणावं, तिच्या डोक्यावरचं ओझं बघावं, तिचं भलं मागावं. वासना उठली तर तिला चारा घालू नये, तिथल्या तिथं देवाला सांगावी. घेतला तर टाकू नये, पाळला तर मिरवू नये.

शांतवनानं वसा घेतला. परगावच्या बाया येत, त्यांना तो पार नेई. बारा दिवस नीट गेले. तेराव्या दिवशी पारावर मिरवला, मी आता निर्मळ झालो म्हणाला. त्याच दिवशी नजर घसरली. घरी येऊन त्यानं सगुणेला कबूल केलं. ती म्हणाली, "खरं बोललात, हे पहिल्यांदाच. पुन्हा पहिल्यापासून धरा." मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरला, आणि या खेपेला कुठं बोलला नाही.

चाळीस दिवस भरत आले. मग वरल्या अंगाला पाऊस कोसळला, नदी फुगली, उतार बुडाला. त्याच सकाळी पैलतीरी एक बाळंतीण अडली. शलोमी घाटावर एकटी आली. दुसरी वाट नव्हती. नावेत बसली, पदर मुठीत आवळला, नजर शांतवनावर रोखली. शांतवन वल्ही मारीत होता. देवा, बाळंतीण सुटू दे, हिच्या हातांना यश दे, एवढंच त्याच्या मनात होतं. पाणी खवळलेलं, पण त्यानं नाव सुखरूप लावली.

बाळंतीण सुटली, मुलगी झाली. उन्हं कलली तेव्हा शलोमी परत आली. सकाळपासून उभी, अंगात त्राण नाही. नावेत बसली, मूठ सुटली, मान कलली, आणि तिला गाढ झोप लागली. शांतवनानं वल्ही हळू केली. नाव तीराला लागली तरी त्यानं हाक मारली नाही, हात लावला नाही. घाटावरून सगुणेला बोलावलं, तिनं शलोमीला जागं केलं.

शलोमीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. घाटावर बायका जमल्या होत्या. त्यांना ती म्हणाली, "बायांनो, या नावेत मी झोपले होते."

एवढंच म्हणाली. बायकांना सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी कोळणी आल्या, माळणी आल्या, त्यांनी आपल्या तरण्या लेकी एकट्या नावेत बसवल्या. सगुणा नावेच्या टोकाला राणीसारखी बसली. निर्मळ मनाला देव दिसतो म्हणतात. शांतवनाला तो रोज दिसे, डोक्यावर पाटी घेऊन नावेत चढताना.

जसा प्रभू शांतवनाला पावला, तसा तुम्हां आम्हां पावो. आपल्या लेकी कुठल्याही नावेत निर्धास्त झोपोत. चाळीस दिवसांचा वसा, चार शब्दांत सांगितला, ऐकणाऱ्यांच्या घरी फळाला येवो.