केरबाच्या सपाता

भट्ट्या आणि पायताणंही बोलायची, तेव्हाची गोष्ट. ओतकामाच्या कारखान्यातला केरबा दिवसातून दहादा भट्टीच्या पाया पडायचा. दर वेळी नाड्या कोण सोडणार? म्हणून त्यानं बूट फळीवर टाकून सपाता घातल्या.

"तुमची एक गाठ सुटेपर्यंत आमचा नमस्कार उरकतो!" सपातांनी बुटांना टोमणा मारला.

बुटांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "अगं बायांनो, खाली तेल सांडलंय. पाय धरून ठेवाल ना?"

"धरायचं कशाला? आम्ही पटकन निघतो!"

वितळलेल्या लोखंडाची पळी घेऊन केरबा वळला आणि घसरला. एक सपात खरंच पटकन निघाली. मागच्या गड्यानं केरबाला खेचलं, म्हणून लोखंड नुसत्या सपातेवर सांडलं.

दुसऱ्या दिवशी केरबा भट्टीपुढं वाकून नाड्या सोडू लागला.

भट्टी गुरगुरली, "राहू दे, केरबा. नमस्कार बुटातूनही पोचतो."