चालू इंजिनातली काडी

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या लाल स्पोर्ट्‌स कारखाली उताणे पडले होते आणि त्यांचा शिष्य शेजारी पाना घेऊन उकिडवा बसला होता. आचार्य म्हटले की नदीचा काठ किंवा वडाची सावली डोळ्यांपुढे यावी, हे खरे. पण हे आचार्य गाडीखालीच सापडले, त्याला इलाज नाही.

त्यांनी आयुष्यभर महाविद्यालयात न्यायशास्त्र शिकवले आणि निवृत्त झाल्यावर ही जुनी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी गाडी घेतली. गावातल्या सभ्य लोकांना ते काही केल्या पचले नाही. का घेतली, असे कोणी विचारले तर आचार्य "आवडते म्हणून" एवढेच सांगत. अनुमानाचे सगळे प्रकार शिकवलेल्या माणसाने इतके आखूड उत्तर दिल्यावर पुढे काय विचारावे, हे कोणाला सुचत नसे. वर्षातून एकदा गाडीचे तेल आणि फिल्टर ते स्वतः अंगणात बदलत. गॅरेजवाल्यांवर त्यांचा राग नव्हता. ज्याच्या भरवशावर घाट उतरायचा, त्याच्या पोटात काय आहे ते एकदा तरी आपल्या डोळ्यांनी पाहावे, असे त्यांचे मत होते.

शिष्याचे नाव उन्मेष. एकेकाळी त्यांच्या वर्गात बसलेला, आता चाळिशीकडे झुकलेला, तरी रविवारी सकाळी त्यांच्याकडे येण्याचा नेम त्याने मोडला नव्हता. हा मात्र त्याचा शेवटचा रविवार होता. त्याला कॅनडात नोकरी लागली होती आणि गुरुवारी विमान होते. आपल्या छोट्या गाडीचे तेल तो स्वतःच बदलत असे, त्यामुळे हे काम आपल्याला येते याचा त्याला थोडा अभिमानही होता.

गाडी आधी थोडी फिरवून आणली होती, म्हणजे तेल पातळ होऊन नीट वाहते. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट सुटला आणि काळे तेल घमेल्यात पडू लागले. ते पूर्ण निथळेपर्यंत करण्यासारखे काही नसते. आचार्य बाहेर सरकले, जुन्या धोतराच्या फडक्याला हात पुसत म्हणाले, "वडिलांना भेटून आलास?"

"गेल्या बुधवारी आलो. आता जाणार नाही, सर."

"गुरुवारी जायच्या आधी?"

"नाही. ताई येऊन-जाऊन असते, ती बघेल काय हवं-नको ते." उन्मेषने पाना उगाच या हातातून त्या हातात घेतला. "दिवसभर समोर बसलो त्यांच्या. म्हटलं, बाबा, मी चाललोय, तीन वर्षं तरी येणं होणार नाही. तर म्हणाले, बरं. बस्स. म्हटलं, तुम्हाला काही वाटतं की नाही? तर म्हणतात, बाजेची नवार सैल झालीय."

"मग?"

"मग काय! मी विचारतच राहिलो. एकटे कसे राहाल, रागावलात का, काहीतरी बोला ना. शेवटी वैतागून आत निघून गेले. आई होती तोवर त्या घरात ओलावा होता, सर. आता सगळं आटलंय. तळाशी थेंब नाही. कशाला जायचं पुन्हा खडखडाट ऐकायला?"

आचार्यांनी गाडीखाली वाकून पाहिले. "ठिबकायचं थांबलं का बघ," एवढेच म्हणाले.

या गाडीला तेलाची एक वेगळी टाकीही होती. चेंबर रिकामे झाल्यावर त्या टाकीचा नट खोलावा लागला, तेव्हा उन्मेष म्हणाला, "हिला दोन-दोन पोटं आहेत की!" आणि त्याने त्यावर पुढे विचार केला नाही. कामात तो चोख होता. जुना फिल्टर काढल्यावर त्याचे रबरी कडे इंजिनाला चिकटून तर राहिले नाही ना, हे त्याने बोट फिरवून पाहिले. नव्या कड्याला तेलाचे बोट लावले, फिल्टर हातानेच आवळला, दोन्ही नट बसवले. तेल भरले, इंजिन थोडा वेळ चालवले, खाली कुठे गळत नाही याची खात्री केली आणि बंद केले. आचार्य समाधानाने आंघोळीला गेले.

आता तेलाची पातळी पाहायची राहिली होती. उन्मेषला नियम पाठ होता: इंजिन बंद करायचे, तेल खाली बसू द्यायचे आणि मग तेल मोजायची काडी काढायची. तो घाई करणाऱ्यांतला नव्हता. अंगणातल्या कट्ट्यावर बसून त्याने अख्खे वर्तमानपत्र वाचले, अगदी छोट्या जाहिरातींसकट. मग उठून काडी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. जवळजवळ कोरडी. टोकाला लागले न लागले इतकेच तेल. त्याने डब्यातले थोडे ओतले. काडी तशीच. आणखी ओतले. तरी खालच्या खुणेपर्यंत येईना. मग मात्र त्याने हात सैल सोडला.

आचार्य पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. त्यांची नजर डब्यावर गेली.

"हे कशाला ओतलंस?"

"काडी कोरडी होती, सर. तुम्ही मोजून दिलेलं कमीच पडलं."

आचार्यांनी बशा कट्ट्यावर ठेवल्या. "चालू कर."

गाडी चालू झाली आणि मागून निळसर धुराचा असा लोट निघाला की शेजारच्या लेलेवहिनींनी धावत येऊन दोरीवरचे कपडे ओढून घेतले आणि खिडकी धाडकन लावली. उन्मेषचा चेहरा उतरला. गुरूची इतकी जपलेली गाडी आपण शेवटच्या दिवशी बिघडवली, असे त्याला वाटले. त्याचा हात चावीकडे गेला.

"बंद करू नकोस," आचार्य म्हणाले. "तापू दे चांगली."

गाडी घुरघुरत राहिली. आचार्यांनी निवांतपणे पोहे खायला घेतले. इंजिन पुरते तापल्यावर ते म्हणाले, "आता काडी काढ."

"चालू इंजिनात?"

"चालू इंजिनात."

"सर, असं कोणी करत नाही. आधी इंजिन थांबवायचं, मग मोजायचं. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"काढ."

उन्मेषने नाइलाजाने काडी काढली, पुसली, घातली आणि पुन्हा काढून उन्हात धरली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर गेले होते. तो काडीकडे पाहत राहिला. मघाशी हिनेच तर कोरडे तोंड दाखवले होते.

"तू नियम अगदी बरोबर पाळलास," आचार्य म्हणाले, "पण तो दुसऱ्या गाडीचा होता. तुझी गाडी थांबली की तिचं तेल काडीपाशी जमतं. हिची काडी त्या वेगळ्या टाकीत आहे. ही थांबली, की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनात उतरून बसतं आणि टाकी रिकामी वाटते. गेलेलं काहीच नसतं. ही चालू झाली, तापली, की आतला पंप ते सगळं परत टाकीत आणतो. तेव्हाच हिचं खरं माप कळतं." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुझ्या वडिलांना मी फारसा ओळखत नाही. पण तू त्यांना समोर बसवलंस, काडी घातलीस, ती कोरडी निघाली म्हणून वरून ओतत राहिलास, आणि ते धुमसले. काही माणसं बसवून मोजता येत नाहीत, उन्मेष. ती हातातलं काम चालू असतानाच मोजावी लागतात. आता गाडी बंद कर. जास्तीचं तेल काढू. आणि पोहे खा आधी, गार झाले."

उन्मेषने पोहे खाल्ले, पण त्याचे लक्ष त्यात नव्हते. त्याला घरची बाज दिसत होती. दर उन्हाळ्यात ती अंगणात निघे. एका बाजूने बाबा नवार ओढत आणि दुसऱ्या बाजूला आई ती पकडून ठेवी, कारण सोडली की ओढलेले सगळे परत सैल पडते. हे काम एकट्याचे नव्हेच. आई गेल्यापासून दुसऱ्या टोकाला कोणी नव्हते. बाबांनी त्या दिवशी विषय बदलला नव्हता, त्यांनी त्याला बोलावले होते. हे लक्षात आले तेव्हा उन्मेषला स्वतःची लाज वाटली.

जास्तीचे तेल काढून होताच त्याने आचार्यांच्या पायांना हात लावला आणि तिथूनच गावची एसटी पकडली.

वडील, दिगंबरराव, ओसरीत बसले होते. कालव्यावर सारी नोकरी केलेला, बोलण्यापेक्षा पाण्याचा आवाज ऐकायची सवय असलेला माणूस. "परत आलास?" ते म्हणाले.

"बाबा, नवार ओढायची ना?"

त्यांनी एकदा मुलाकडे पाहिले आणि बाजेचे एक टोक उचलले.

बाज अंगणात आली. दिगंबररावांनी पाय रोवून पहिली पट्टी ओढली. "धर. सोडू नकोस." उन्मेषने धरली. दुसरी ओढली, तिसरी ओढली. बराच वेळ नुसता नवारीचा करकर आवाज होत राहिला. उन्मेषच्या जिभेवर बरेच काही आले होते, पण या खेपेस त्याने वरून काही ओतले नाही.

"लहानपणी इथं झोपायचास," दिगंबरराव नवारीकडेच पाहत म्हणाले. "रात्रभर लाथा मारायचास मला."

पुढची पट्टी.

"तिकडं बर्फ पडतं म्हणे."

"हो."

"पेटीत माझा कालव्यावरचा कोट आहे. जाड आहे. घेऊन जा."

तिकडे याहून जाड कोट मिळतात, हे उन्मेषच्या ओठांवर आले होते. "नेतो," तो म्हणाला.

"तुझी आई असती तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं तिनं." त्यांनी पट्टी अशी ओढली की बाजेचे लाकूड कुरकुरले. "मला येत नाही तसं. पण घर मोठं वाटायला लागलंय, तू सांगितल्यापासून."

उन्मेषने मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि दोन्ही हात नवारीत गुंतल्यामुळे पुसता येत नव्हते.

शेवटची पट्टी आली. दिगंबररावांनी गाठ मारली, तळवा ठेवून बाज दाबून पाहिली. ती टणक झाली होती.

"नवार आहे ही," ते म्हणाले. "वर्षभरात पुन्हा सैल पडते. तेव्हा ये. एकट्यानं होत नाही हे."

तीन वर्षांचा विषय उन्मेषने काढला नाही. "येतो," तो म्हणाला, आणि गाठ बसली होती तरी आपल्या बाजूची पट्टी थोडा वेळ धरून राहिला.