उपडी चरवी

मी तालमीचा वस्ताद. पोरं माझा शब्द मोडत नाहीत, म्हणूनच हे सांगताना लाज वाटते.

पारूबाई गवळण रोज तालमीच्या दारात म्हैस पिळते. धार काढण्याआधी तिनं दुधाची चरवी उपडी करून आत पाणी नाही हे दाखवायचं, हा माझाच नियम. वीस वर्षांत तो एकदाही चुकला नाही.

त्या दिवशी मोबाइलवरून मागवलेल्या ताकदीच्या पावडरीचा पहिला चमचा मी सुभान पैलवानापुढे धरला. पारूबाईनं विचारलं, "वस्ताद, ह्यात काय हाय?"

"प्रयोगशाळेचा दाखला आहे. दोन हजार लोकांनी चांगलं म्हटलंय. तुला काय कळतंय?"

"दाखला कुठं बघितला?"

"विकणाऱ्याच्या पानावर."

"आन् ती माणसं?"

"तीही तिथंच."

"मग उद्यापासनं मी म्हस घरीच पिळते. दूध चोख हाय अशी चिठ्ठी आणते, खाली माझ्या जावांचे अंगठे. घ्याल न्हवं?"

सुभाननं उघडलेलं तोंड मिटलं. मी डबा गटारीत ओतला.

पारूबाईनं चरवी उपडी करून माझ्यापुढे धरली.

"राहू दे आता," मी म्हणालो.

"न्हाई वस्ताद, बघायचं."

मी खालमानेनं बघितलं.