माळाचं पॅनेल

सरपंच रंगतात्यांनी ग्रामसभेत ठराव मांडला : गायरान नांगरायचं, जुनं गवत उपटायचं, एकच सुधारित जात लावायची आणि मेंढरांना कायमची बंदी! पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी नेहमीसारख्या न ऐकताच माना डोलावल्या. ठकूबाई कोकरेची साठ मेंढरं त्याच माळावर जगायची. ती ताडकन उठली.

"तात्या, तुमच्या पॅनेलात नऊ भावक्यांची नऊ माणसं कशाला? सगळी घरचीच उभी करायची की!"

तात्या फुशारले. "अगं येडे, एक भावकी रुसली तर दुसरी तारून नेते. एकाच भावकीवर इसंबलो असतो तर कवाच आपटलो असतो!"

"मग माळाचंबी पॅनेलच हाय! पावसानं दडी मारली, मारवेल गवत वाळलं, तरी कुसळी तगते. मेंढरांनी पवन्या ओरबाडला, तर तो फुटंस्तवर रानमूग असतो. तुमचं एकलं गवत रुसलं, तर गुरांनी काय तुमचं भाषण खायचं?"

सभेत हशा उसळला! पण आपल्याला कशासाठी उभं करतात, हेही नऊ भावक्यांना तिथंच कळलं. ठरावाविरुद्ध पहिले हात वर झाले ते तात्यांच्याच पॅनेलचे.