मगरीच्या तोंडावर तळहात

"तो हार त्याच्याच गळ्यात का घातलात, बुवा?"

त्र्यंबकाने शेवटी विचारलंच.

काल कीर्तनाचा पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे रंगनाथबुवांना बुक्का लावला, हार घातला. बुवांनी तो हार काढला, श्रीपादच्या गळ्यात घातला आणि खाली बसले. म्हणजे पुढचं आख्यान श्रीपादने सांगायचं! कालपरवा आलेलं पोर ते. आणि त्र्यंबकाचं अर्धं आयुष्य बुवांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरण्यात गेलेलं.



बुवा आणि त्र्यंबक शहरातल्या बागेत आले होते, राजांच्या काळातलं कारंजं बघायला. कोरीव दगडी हौद, मधे कमळ, कडेने मगरींची तोंडं. टेकडीवरच्या तलावाचं पाणी उताराच्या जोरावर इथे उसळायचं. एका मगरीची धार पार कमळाच्या वर जात होती. बाकीच्यांचं आपलं बेताचंच.

"जो तो श्रीपाद, श्रीपाद! जळफळाट होतो माझा, बुवा. खोटं कशाला बोलू?"

"ती उंच धार कोणाची?"

"त्याचीच की!"

"आणि तुझी?"

त्र्यंबकाने शेजारच्या बारीक धारेकडे बोट केलं.

"मग दाब की त्याची."

बुवा थट्टा करतायत की काय? पण त्र्यंबकाला तेवढंच हवं होतं. धोतर खोचून गडी हौदात उतरला. उंच धारेच्या तोंडावर त्याने उजवा तळहात गच्च दाबला. पाणी बोटांतून फुटलं, तोंडावर आलं, सदरा चिंब झाला.

शेजारची धार मात्र हातभर उंच झाली.

"बुवा! वाढली! माझी वाढली, बघा!"

बुवांनी झोळीतून आपली झांज काढली आणि हौदाच्या काठावरून पुढे धरली.

"आजचं आख्यान तुझं. घे."

त्र्यंबकाचं काळीज सुपाएवढं झालं. त्याने डावा हात पुढे केला. उजवा तिथेच.

"दोन्ही हातांनी घे."

"पण हा काढला तर... त्याची धार पुन्हा उडेल."

"उडेल."

त्र्यंबक एकदा झांजेकडे बघे, एकदा आपल्या तळहाताकडे. हात काही सुटेना.

"बुवा, तुम्ही धरता का जरा इथे? तेवढ्यात मी..."



"झांज दोन हातांनी वाजते रे, त्र्यंबका."