उलट बोलणारी परिचारिका

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक रुग्णशाळा होती. गावाला तिचा भारी अभिमान.

तिथली रीत जगावेगळी होती. वैद्याने औषध सांगितलं की परिचारिका तेच शब्द मोठ्याने परत म्हणायची. वैद्य 'बरोबर' म्हणाला की मगच औषध रोग्याच्या तोंडी जायचं. काम डोंगराएवढं, पण हसतखेळत व्हायचं.

पुढे जुना वैद्य थकला आणि नवा आला. हुशार, हाताला गुण असलेला, पण राग नाकाच्या शेंड्यावर! पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, "सुंठीचा काढा, अर्धी वाटी."

"सुंठीचा काढा, अर्धी वाटी," थोरली परिचारिका म्हणाली.

"मला उलट बोलता?" वैद्य कडाडला. "पुन्हा बोललात तर घरी बसाल!"

"उलट नाही हो वैद्यबुवा, परत बोलले."

पण ऐकतो कोण! त्या दिवसापासून रुग्णशाळा मुकी झाली. दोघी परिचारिका तर काम सोडून गेल्या. थोरलीचंही मन रमेना. इतकी वर्षं जिथे धावत यायची, तिथे आता पाय ओढत येऊ लागली. वैद्यही सुखात दिसत नव्हता. बिचारा सगळा भार एकटाच वाहत होता.

अशात तापाची साथ आली. वैद्याला जेवायलाही उसंत मिळेना. लोहाराची तान्ही लेक तापाने फणफणली होती, शेजारच्या खाटेवर एक पैलवान कण्हत होता. वैद्य बाळापाशी आला आणि म्हणाला, "काळा अर्क, पळीभर."

अर्क नवा होता. तो किती द्यायचा, हे थोरलीला ठाऊक नव्हतं. तिने पळी भरली. बोलावं तर काम जाणार, गप्प बसावं तर मन खात होतं. तिने बाळाकडे पाहिलं आणि धीर करून म्हणाली, "तान्ह्या बाळाला काळा अर्क, पळीभर."

वैद्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांबा! पळीभर पैलवानाला. बाळाला दोनच थेंब!"

"बाळाला दोनच थेंब."

"बरोबर," वैद्य पुटपुटला.

संध्याकाळी बाळाचा ताप उतरला. लोहार वैद्याच्या पाया पडायला वाकला. वैद्याने त्याला वरच्या वर धरलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या तोंडून चूक झाली होती. या बोलल्या म्हणून मला ती ऐकू आली. तुझी लेक आम्ही दोघांनी वाचवली." थोरलीचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी वैद्य स्वतः बैलगाडी जुंपून निघाला आणि सोडून गेलेल्या दोघींना मानाने परत घेऊन आला.

तात्पर्य काय, तर सोबतच्या माणसाला बोलू द्यावं. त्याने रोगी वाचतो आणि काम करणाऱ्याची मानही ताठ राहते.