बावीसपैकी बावीस

“पण नेमकी किती मिनिटं, बाबा? मला आकडा हवाय.”

“खोकला थांबंस्तवर.”

“तो पाजल्यावर थांबेल हो. उकळायचं किती, ते विचारतेय.”

“तेच सांगतोय, मास्तरीणबाई. खोकला थांबंस्तवर उकळायचं.”

खेमाबाबांनी चुलीत लाकूड सारलं. मडक्यात अडुळशाची पानं वरखाली होत होती. अंगणापलीकडे पौषातलं धुकं इतकं दाट होतं, की कुंपणसुद्धा दिसत नव्हतं.

ऋजुताने पेन वहीवर आपटलं. फार्मसीची पदवी घेऊन ती आपल्या हौसेने डोंगरातल्या आश्रमशाळेत शिकवायला आली होती. पंधरा दिवसांपूर्वी ती याच चुलीशी बसली होती. सुंठ, पिंपळी, बेहड्याची साल, सगळं तिने काट्यावर तोलून टिपून घेतलं होतं. तोच काढा वसतिगृहातल्या मुलींना पाजला होता. आता तिला त्याचं कोष्टक छापून बारा वाड्यांच्या भिंतींवर लावायचं होतं. राहिला होता फक्त वेळेचा रकाना.

तेवढ्यात झोपडीमागून कुणीतरी खोकलं.

दोन आखूड ठसके. मग एक लांब.

“मागे पेशंट बसलाय का? एवढ्या थंडीत? आत बोलवा की त्याला!”

बाबा मडकं ढवळत राहिले.

“तूच बोलव.”

ती तरातरा मागे गेली.

तिथे एक सपाट दगड होता. त्यावर लहान मुलाची असावी तशी एक छोटी पितळी वाटी पालथी. गवतावर दव जसंच्या तसं होतं; त्यात फक्त तिच्याच चपलांची वाट उमटली होती.

पुन्हा खोकला आला. दोन आखूड, एक लांब. आता तो अंगणातून येत होता, जिथून ती आली होती तिथून.

ती परत धावली. बाबा एकटेच होते. ओठ मिटलेले.

“तुम्ही खोकलात?”

“नाय.”

ऋजुता चुलीशी टेकली. लांब ठसक्याच्या शेवटी बारीक शीळ वाजत होती. हा खोकला तिने नऊ दिवस वर्गाच्या मागच्या बाकावरून येताना ऐकला होता. फळ्याकडे तोंड करूनही ओळखला असता.

“बाबा... हा येसूचा आहे.”

“कोण येसू?”

“दुसरीतली. सोमवारी तिला जीपने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.”

“तू गेली व्हतीस संगं?”

“मला... हे कोष्टक पुरं करायचं होतं.”

“आन् काढा?”

“काढा लागू पडला, बाबा. बावीस मुली चार दिवसांत बऱ्या झाल्या.”

“वाच की.”

ऋजुताने वही उघडली. बावीस नावं, बावीस खुणा. खाली लाल शाईत लिहिलं होतं, बावीसपैकी बावीस.

“पाजला किती पोरींना?”

तिने वही मिटली.

मडक्यातलं पाणी निम्म्यावर आलं, मग त्याच्याही खाली. खोकला आता अगदी जवळून येत होता, तिच्या आणि बाबांच्या मधल्या मोकळ्या जागेतून. तिने हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. फक्त तेवढी हवा गार होती.

“तेवीस,” ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली.

“तुम्हालाही ऐकू येतोय ना?”

“मला माजा यायचा. माज्या धाकलीचा.”

“आता?”

“बत्तीस वर्सं झाली. माज्या गुरूनं मला हेच सांगितलं व्हतं, खोकला थांबंस्तवर उकळ. ती आजोळी आजारी पडली व्हती. मी इथं उकळत बसलो. बरूबर बसलो, पोरी. एक पान जास्त न्हवतं की कमी न्हवतं...”

“आणि मग?”

“थांबला.”

धुक्यात कुठेतरी दव पानावरून टपकलं. ऋजुताने पालथ्या वाटीच्या दिशेने पाहिलं आणि नजर वळवली.

खोकला आला. दोन आखूड. लांब ठसका या वेळी पुरा झाला नाही.

ती ताडकन उठली. मडक्याकडे बोट दाखवत म्हणाली, “झालाय का? मी नेते. बाटली आहे माझ्याकडे. बाबा, द्या ना लवकर!”

खेमाबाबांनी मडकं फडक्याने दोन्ही हातांनी उचललं आणि चुलीवर पालथं केलं.

फस्स करून वाफ उठली. निखारे काळे पडले. तिच्या हातातली वही राखेत पडली. तिने ती उचलली नाही.

“बाबा, हे काय केलंत? आता मी तिच्याकडे नेऊ काय?”

बाबांनी धुक्यातल्या वाटेकडे हात केला.

वाफेतून एक ठसका आला. फार बारीक...

“थांबायच्या आधी पोच, पोरी.”